वर कुणी राहिलंय का?

मी एक शिट्टी बोलतेय. केशरी रंगाची, बोटभर लांबीची. भूकंपाची तयारी म्हणून कंपनीने माझ्यासारख्या ढीगभर शिट्ट्या मागवल्या आणि प्रत्येकाच्या गळ्यात एकेक अडकवली. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, शिट्टीला मात्र नुसता श्वास पुरतो, असं तेव्हा सांगितलं होतं.

मी वहिनींच्या वाट्याला आले. त्या चौथ्या मजल्यावर औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या. शेजारच्या टेबलावर त्यांची धाकटी नणंद. सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा.

तयारीत वहिनींचा हात कुणी धरू शकत नसे. घरचं कपाट त्यांनी पट्ट्या ठोकून भिंतीला जखडलं होतं. काचा फुटल्या तर पाय कापू नयेत म्हणून सगळ्यांच्या चपला पलंगाखाली. नवरा चिडवायचा, "भूकंप यायचा तेव्हा येईल, तू आधी माझ्या चपला कुठं लपवल्यास ते सांग!"

फक्त गुडघे साथ देत नव्हते. कंपनीत अधूनमधून सराव व्हायचा. भोंगा वाजला की टेबलाखाली शिरायचं, मग जिन्याने मैदानात उतरायचं. तिथे सुरक्षा अधिकारी एकेक नाव पुकारायचे. वहिनी मात्र वरच बसून राहायच्या.

"वन्सं, माझ्या नावाला तेवढी ओ द्या हं."

"बसा तुम्ही निवांत. मी आहे ना!"

नणंद आवाज जाड करून ओ द्यायची. बायका तोंडावर हात धरून हसायच्या. अधिकाऱ्यांनाही ते ठाऊक होतं, पण माणसं पूर्ण भरली की त्यांचं काम झालं. मलाही गंमतच वाटायची.

मग खरा भूकंप आला. बाटल्या फुटून काचांचा सडा पडला. वहिनी मागून येताहेत असं समजून नणंद जिन्याकडे पळाली. तेवढ्यात छत खचलं आणि वहिनी टेबलाखाली अडकल्या. त्यांनी मला ओठांत धरलं आणि जीव खाऊन फुंकलं.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं, नणंदेच्या रडण्यातून. नावं पुकारली जात होती. स्वतःच्या नावाला तिने ओ दिली, आणि वहिनींचं नाव येताच सवयीने पुन्हा दिली. आवाज जाड करून.

"आपली माणसं पूर्ण आहेत," अधिकारी म्हणाले. "शिट्टी शेजारच्या इमारतीतून येत असेल."

बचावाची माणसं तिकडे धावली. नणंदेने मागे वळून पाहिलं, वहिनी कुठेच नव्हत्या, तशी ती किंचाळली. ती माणसं परत फिरून जिन्याशी पोचतात तोच दुसरा धक्का बसला. तोवर मी वाजत होते.

आता मी नणंदेच्या गळ्यात असते. नव्या इमारतीतही सराव होतो. सगळे शिट्ट्या वाजवून बघतात. ती मला ओठांपर्यंत नेते आणि सोडून देते. "यात वहिनींचा श्वास आहे," असं एकदा भावाला म्हणाली. भर कामात तिचा हात मध्येच थांबतो. "शिट्टी ऐकू आली का गं?" ती शेजारणीला विचारते. मी तर तिच्या गळ्यात गप्प असते.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या नावाला तुम्हीच ओ द्या. जो खाली आला नाही, त्याचं नाव पुकारल्यावर सगळे गप्प राहा. ती शांतता ऐकूनच कुणीतरी वर धावेल.