सुवर्णामावशीचं दुखणं

खामगावच्या तपासणी केंद्रात डॉक्टरीणबाई गार्गीच्या मॅमोग्राफीचा फोटो निरखून बघत होत्या.

"गाठ अशी दिसत नाही. पण स्तनांचा भाग दाट आहे. तो फोटोत पांढरा दिसतो, आणि गाठही पांढरीच दिसते. घरात कुणाला हा कॅन्सर झाला होता? आजी, मावशी?"

"नाही," गार्गी म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

शेजारी बसलेल्या तिच्या आईनं, शारदाबाईंनी, पदर सारखा केला आणि भिंतीकडे पाहिलं.

"घरात कुणाला झाला असता तर आजच सोनोग्राफीही केली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता पुढच्या वर्षी या."

बाहेर येताच गार्गीनं खुशीत कचोऱ्या घेतल्या. शारदाबाईंनी आपली कचोरी तशीच ठेवली.

"काऊन वो आई, बरं नाही का तुले?"

"सुवर्णामावशी पोटाच्या दुखण्यानं नाही गेली," शारदाबाई मान खाली घालून म्हणाल्या. "छातीत गाठ होती तिले. फुटली होती. तुम्हा पोरीईचे लग्नं व्हायचे होते, म्हणून मीच सगळ्याईले पोटाचं सांगितलं."

"अन् आता डॉक्टरीणबाईनं विचारलं तवा?"

"लाज वाटली."

"कायची लाज? मावशीची?"

शारदाबाईंनी मान वर केली, तोवर गार्गी उठून परत केंद्राकडे चालू लागली होती.

सोनोग्राफीत लहानशी काळपट गाठ दिसली. मॅमोग्राफीत तीच जागा नुसती पांढरी होती. अकोल्याला सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, स्तन वाचला. भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "आई संग होती म्हणून वेळेवर सापडलं." शारदाबाई उठून स्वयंपाकघरात जायच्या.

एक दिवस गार्गीनं विचारलं, "नीरजाले कोण सांगन?"

नीरजा सुवर्णामावशीची मुलगी, मलकापूरला शिक्षिका.

"तूच सांग ना."

"लपवलं तू. सांगशीनही तूच."

शारदाबाईंनी फोन लावला. अडखळत सगळं सांगितलं.

"आईच्या खोलीतून वास यायचा," नीरजा म्हणाली. "कायचा म्हणून विचारलं, का तू मले बाहेर खेळाले पाठवायची, मावशी."

"हो. मीच पाठवायची."

"मले आईजवळ बसायचं होतं."

शारदाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गार्गीले फोन दे," नीरजा म्हणाली. "दोन्ही तपासण्या कुठं होतात, तिले विचारतो."