बदली इली

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शांताबाईंनी नव्या सुनेला विहीर दाखवली, मागची काजूची बाग दाखवली आणि मग सासऱ्यांच्या खोलीकडे बोट करून आवाज खाली आणून सांगितलं, "तेंका झोपेतसून उठवूचा झाला तर आंगाक हात लावू नको हां. पायथ्याशी उबी रव आणि म्हण, 'बदली इली'."

रेश्मानं मान डोलावली आणि विषय सोडून दिला. म्हापशाला कॉलेज केलेल्या मुलीला ते जुन्या माणसांचं खूळ वाटलं. सासरे भिकाजी सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती! आता इब्रामपुरात कसली लढाई? म्हणून एका दुपारी चहाचा कप हातात घेऊन तिनं त्यांचा खांदा हलवला. पुढच्या क्षणी तिचं मनगट त्यांच्या मुठीत होतं आणि चहा भिंतीवर. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते या खोलीत नव्हते. भानावर आले तेव्हा म्हातारा इतका ओशाळला, की बरेच दिवस सुनेकडे वर नजर करून बोलला नाही. खाट आपणच उचलून मागच्या खोलीत नेली.

तेव्हा कुठे शांताबाईंनी सगळं सांगितलं. सुभेदारांचे वडील कृष्णनाथ पोर्तुगीज अमदानीत रान ओलांडून सावंतवाडीच्या बाजूला गेले आणि फौजेत भरती झाले. तेही असेच दचकून उठायचे. त्यांच्या बायकोनंच ही युक्ती काढली. पहाऱ्यावरच्या शिपायाला 'बदली आली' म्हटलं, की जागा घेणारा आलाय हे त्याला कळतं. मग तो बंदूक खाली करतो. ते शब्द तिनं सुनेला, शांताबाईंना दिले, आणि आता ते रेश्माकडे आले.

त्यानंतर रेश्मानं नियम मोडला नाही. मुलगी, बाय, जन्मल्यावर तर तिनं तो भिंतीसारखाच उभा केला. रांगणारी पोर त्या दाराकडे वळली की ही धावत जाऊन उचलायची. सुभेदार खाटेवरून ते बघायचे.

मागच्या महिन्यात शांताबाई मोरजीला बहिणीकडे बारशाला गेल्या. रेश्माचा नवरा सुदेश धारगळला कामावर. त्या दिवशी बायनं जेवताना असा हट्ट मांडला, की रेश्माचं स्वतःचं ताट बराच वेळ झाकलेलंच राहिलं. सुभेदारांनी मधुमेहाची गोळी घेतली होती, पण हाताखालची माणसं जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, ही त्यांची पलटणीतली सवय. सून अजून जेवायची आहे हे बघून ते मुकाट्यानं जाऊन आडवे झाले. हे रेश्माला माहीतच नव्हतं.

चहाला उठवायला पोर कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली. "पपा, बदली इली." हालचाल नाही. तिनं पुन्हा म्हटलं, मग जरा मोठ्यानं. गाढ झोप लागली असेल, झोपू दे, असं म्हणून ती वळलीही. पण जनेलातून त्यांच्या कपाळावर ऊन पडलं होतं आणि कपाळ घामानं निथळत होतं. वर पंखा फिरत होता. जो माणूस पावलाच्या चाहुलीनं जागा होतो, तो हाकेला ओ देत नाही?

तिनं बायला बाहेर ठेवून दाराला आतून कडी घातली. मनगट आठवलं. तरी तिनं दोन्ही हातांनी खांदा धरून हलवला.

त्यांचा हात बर्फासारखा गार. मूठ वळलीच नाही.

साखर उतरलीय, हे तिनं ओळखलं. तिनं त्यांना कुशीवर केलं, फडताळातला मध बोटाला लावून गालाच्या आत चोळला, फोन स्पीकरवर टाकून रुग्णवाहिका बोलावली आणि पुन्हा मध चोळत राहिली. बाहेर बाय दार बडवत रडत होती. कधीतरी त्यांचा जबडा हलला. मग पापण्या. मग हात वर आला आणि त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. रेश्माला इतकं बरं वाटलं, की तिनं ते सोडवलंही नाही.

"बदली इली, पपा."

 त्यांनी कोरड्या ओठांनी विचारलं, "बाय जेवला?"

ती हसली आणि हसता हसता रडली.

इस्पितळातून ते दुसऱ्या दिवशी घरी आले. डॉक्टरांनी रागावून सांगितलं, की गोळी घेतली की आधी जेवायचं, मग पलटण. शांताबाईंनी नवऱ्याला वरून आणखी चार शब्द सुनावले. सुभेदारांनी ते ऐकून घेतले आणि सुनेला नवा हुकूम दिला. "हाक मार. ओ नाय दिलंय तर हात लाव. मनगट धरलंय तर समज, म्हातारो जितो आसा."

आता बाय त्या खोलीत हवं तेव्हा जाते, खाटेच्या पायथ्याशी उभी राहून बोबड्या आवाजात 'बदली' म्हणते. आतून लगेच ओ येते.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, ज्यांची झोप मोडायची नाही म्हणून सगळे दारातूनच परत फिरतात. हे वाचून झालं की उठा, एक हाक मारा. ओ आली नाही तर उंबऱ्यावर थांबू नका, आत जाऊन बघा.