देवीची खूण

आत यंत्राची घरघर सुरू झाली, तशी बाहेरच्या बाकड्यावर धोंडुबाईंनी दोन्ही कानांवर हात दाबून धरले. आत त्यांची सून विजयमाला होती. लहानपणीच्या देवीचे व्रण तोंडावरून घासून काढायला ती पलूसहून सांगलीला आली होती.

डॉक्टरांनी आधी समजावलं होतं, "वरची कातडी घासायची. जखम भरताना आतून नवी कातडी येते. खड्डे उथळ होतात."

"आवं पर डाक्टर, देवीची खूण हाय ती. तिला राग आला म्हंजी?"

"आजी, देवी गेल्या आता देशातनं. सरकारनंच जाहीर केलंय."

"सरकारनं केलंय. देवीनं कुठं केलंय?"

धोंडुबाईंच्या दोन पोरी एकाच चैत्रात देवीनं नेल्या होत्या. म्हणून तर लेकासाठी, अर्जुनासाठी, गोरीगोमटी स्थळं परतवून त्यांनी ही व्रणांची पोरगी पसंत केली. लोक हसले. पण हिच्याकडे देवी येऊन गेली आहे, आता पुन्हा येणार नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. हे त्या कुणालाच बोलल्या नव्हत्या. आता फौजेतला अर्जुना बायकोला पहिल्यांदाच अंबाल्याच्या क्वार्टरवर नेणार होता. तिथल्या बायकांसमोर हे तोंड घेऊन जायचं नाही, असं विजयमालानं ठरवूनच टाकलं होतं.

दार उघडलं. सुनेचं तोंड पट्ट्यांत गुंडाळलेलं, त्यातून रक्त पाझरलेलं. आपल्यालाच ओळख पटेना, मग देवीला कशी पटणार? धोंडुबाईंनी उठून सुनेचा हात धरला.

माधवनगरला धोंडुबाईंच्या बहिणीच्या घरी दोघी राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी विजयमालाला ताप भरला. पोरींनाही आधी असाच ताप आला होता. धोंडुबाईंनी उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवला आणि अन्नाला शिवल्या नाहीत. दिवेलागणीला सुनेच्या कपाळावर घाम आला, तेव्हा कुठं त्या पाणी प्यायल्या.

पुढच्या आठवड्यात पट्ट्या निघाल्या. गाल तान्ह्या पोरासारखे गुलाबी झाले होते. बाकीचे व्रण पुसट झाले, पण हनुवटीजवळचा एक खोल खड्डा तसाच होता. आरशात बघता बघता विजयमालाचे डोळे भरून आले.

"ह्यो ऱ्हायलाच की, आत्ती."

धोंडुबाईंनी त्यावर अंगठा ठेवला. किती दिवसांनी त्यांना पोटभर श्वास घेता आला. मग त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"कुठं काय? मला तर दिसत बी न्हाई."

"खरं सांगा."

"देवीची आण."

बोलून गेल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. पण विजयमाला डोळे पुसत हसली होती.

नव्या कातडीला ऊन लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. धोंडुबाईंनी आपल्या डोक्यावरचा पदर ओढून सुनेच्या तोंडावर धरला, आणि जन्मात पहिल्यांदा भर बाजारातून उघड्या डोक्यानं चालत एस.टी. स्टँड गाठला.