पंधरावं नाव

पाणी मारलेल्या मातीवर मैदान आखायची ताजी फक्की पडली की सकाळच्या उन्हात तिला भिंतीला नुकताच चुना दिल्यासारखा थंडगार वास येतो, आणि तो वास आला की मला बिराजदार सर दिसू लागतात. दोन्ही हातांत कॅनव्हासचे बूट, विजार घोट्याच्या वर दुमडलेली, मान खाली, आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत संथपणे, अनवाणी चाललेली ती काटकुळी आकृती. खो-खोच्या निवड चाचणीच्या दिवशी मैदानावर सर्वांत आधी तेच यायचे. तळपायाला खडा लागला की वाकायचे, उचलायचे आणि खिशात टाकायचे. पोरींच्या गुडघ्यांना तो लागू नये म्हणून. अर्ध्या तासात खिसा लोंबायला लागे. घरी काकू कपडे भिजवताना ते खडे काढत आणि म्हणत, यांच्या खिशात कधी सुपारीचं खांड सापडलं नाही, पण अर्धं मैदान सापडतं.

सोलापुरात थंडी ही पाहुणीच. चहाला येते आणि जेवायला थांबत नाही. मार्गशीर्षातल्या त्या अल्पायुषी गारव्यात, मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली, सरांचा आवाज फार लांबवर ऐकू यायचा. तो मोठा नव्हता, पण त्याला एक कोरडी, स्वच्छ धार होती. सरांचं गाव अक्कलकोटच्याही पलीकडे, त्यामुळे रागावले की मराठीत रागवायचे आणि माया आली की कानडीत बोलायचे. एखादी मुलगी धावून धावून दमली की ते हात वर करून "साकु, साकु" म्हणत, म्हणजे पुरे झालं, आता बस. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी आम्ही उगाच दोन फेऱ्या जास्त मारायचो. आयुष्यभर जिल्ह्यातल्या मुलींना खो-खो शिकवून ते निवृत्त झाले होते, तरी निवड समितीतली एक खुर्ची त्यांच्याकडे राहिली होती. बोलणं कमी, पाहणं अफाट, आणि पाहताना डोकं किंचित डावीकडे कललेलं, कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकत असल्यासारखं.

संघ पंधरा जणींचा. चौदा नावं चहाच्या आधीच ठरायची, कारण ती साऱ्या जिल्ह्याला पाठ असत. ज्या पळतात त्या दिसतात, ज्या सूर मारतात त्या तर आंधळ्यालाही दिसतात. पंधरावं नाव मात्र सरांचं, असा समितीचा अलिखित रिवाज होता. तो मान होता की थट्टा, हे मला कधी नीटसं उमगलं नाही. चौदावं नाव लिहून झालं की समितीतले एक गुरुजी पेन बाजूला ठेवून म्हणत, "चला, आता सरांच्या देवाला कौल लावा." सगळे हसत, सरही हसत. मग ते सर्वांत अनोळखी मुलीचं नाव उच्चारत, आणि चाचणीभर ती कुठे होती हे कुणालाच आठवत नसे.

आठवणार तरी कसं? चाचणीत सगळ्या शाळांच्या मुली मिसळून संघ पाडतात, आठजणी पट्ट्यावर बसतात आणि नववी पाठलाग करते. पण खो देणारी मुलगी आपल्याच शाळेच्या मैत्रिणीला खो देते, ती आणखी तिसऱ्या मैत्रिणीला, आणि बघता बघता सगळा डाव चारपाच ओळखीच्या पाठींमध्ये फिरत राहतो. यात कुणाचं पाप नाही. जत्रेत पोरं आपल्या गावच्याच पोराचा हात धरतात, तसंच ते. मात्र एखाद्या खेड्यातून एकटी आलेली मुलगी अख्खा डाव नुसती बसून राहते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते.

सर बघायचे ते तिलाच. "खो आल्यावर समदीच उठत्यात," ते म्हणायचे. "खो येत न्हाई तवा कोण कशी बसती, ते बघायचं." सुरुवातीला आठहीजणी चवड्यांवर ताठ असतात, टाचा उचललेल्या, बोटं मातीला टेकलेली. दोन मिनिटं जातात, चार जातात, खो येत नाही. मग हळूच एकीची टाच टेकते, दुसरीची टेकते, अंग सैल पडतं, नजर प्रेक्षकांकडे जाते. आणि त्यात एखादी अशी असते की शेवटच्या शिट्टीपर्यंत तिची टाच मातीला लागत नाही. आपल्याला कुणी बोलावणार नाही हे तिला कळलेलं असतं, तरीही ती तयार असते. सर तिचं नाव विचारून घ्यायचे.

एका वर्षी ते नाव माझं होतं. दोन गाड्या बदलून एकटी आले होते, पूर्ण डावात मला एकदाही खो मिळाला नव्हता, आणि नाव पुकारलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं की माझ्या नावाची दुसरी कोण आहे. पुढे मी जे काही झाले, बार्शीच्या शाळेत खेळाची शिक्षिका, नंतर त्याच समितीची सभासद, ते सगळं त्या एका नावातून आलं. हे मी नम्रतेपोटी म्हणत नाही, तो माझ्या आयुष्याचा हिशेबच आहे.

सरांचे डोळे गेले ते कुणालाही न कळता गेले. मला कळलं नवी पेठेत, भर दुपारी. समितीच्या बैठकीनंतर काकूंसाठी लुगडं घ्यायला आम्ही दोघं निघालो होतो. गर्दीत सर एकाएकी थबकले आणि त्यांनी माझं कोपर धरलं. समोर रिक्षा होती, पिवळीधमक, दोन हातांवर; ती त्यांना दिसलीच नव्हती. दुकानात त्यांनी लुगड्याचा रंग बोटांनी चाचपला. बाहेर आल्यावर म्हणाले, "काचबिंदू हाय. उजेड कळतो, माणूस कळत न्हाई." मग आवाज खाली आणून, "कुणाला बोलू नको पोरी. खुर्ची काढून घेत्याल. यंदाचं एक नाव लिऊ दे मला, मग मीच उठतो."

त्या वर्षीच्या चाचणीला त्यांनी मला आपल्या शेजारी बसवून घेतलं. सकाळी ते नेहमीसारखे खडे वेचत फिरले. त्यांच्या पायांना डोळ्यांची गरज नव्हती आणि लांबून पाहणाऱ्याला काहीही बदललेलं दिसलं नसतं. खुर्चीत मात्र ते अगदी स्तब्ध बसले, मान डावीकडे कललेली, बोटं गुडघ्यांवर. मी हलक्या आवाजात सांगत होते आणि ते ऐकत होते. पांढरं ऊन, मुलींच्या ओरडण्यातले तुटक तुटक खो, धुळीचा मंद सोनेरी पडदा, आणि त्यात माझा आवाज हेच त्यांचे डोळे. आयुष्यात इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता, आणि मला त्याचं मनापासून अप्रूप वाटत होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं. त्या दिवशी मैदानात माझी प्राजक्ता होती. आमच्या शाळेची मुलगी, तीन वर्षं पहाटे माझ्याकडे सराव केलेली. आमच्या शाळेतून जिल्ह्याच्या संघात कधी कुणी गेलं नव्हतं. प्राजक्ता चांगली होती, खोटं बोलत नाही, पण चौदांत ती बसली नाही. राहिलं पंधरावं नाव.

आणि पट्ट्याच्या टोकाजवळ, खांबापासून दुसऱ्या चौकोनात, एक सावळी, किरकोळ मुलगी बसली होती. छातीवरच्या कागदावर आकडा, यादीत नाव अंबिका. शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली, शाळेकडून एकटीच आलेली. डाव संपायला आला तरी तिला खो नव्हता. तिच्या शेजारणींच्या टाचा केव्हाच टेकल्या होत्या. प्राजक्ताचीही टेकली होती. अंबिकेच्या पोटऱ्या थरथरत होत्या, नाकाच्या शेंड्यावर घाम आला होता, आणि टाच अधांतरी होती.

सरांना ती दिसली नव्हती. पण कशी कोण जाणे, त्यांना ती जाणवली. ते माझ्याकडे न वळता म्हणाले, "तिकडं टोकाला कोन हाय गं? लई येळ झाला, तिकडनं खोचा आवाज न्हाई."

"आहे सर एक. पूर्व भागातली."

"टाच?"

मी मैदानाकडे पाहिलं. पाहून, नीट पाहून, मी म्हणाले, "टेकलीय सर."

"आन तुझ्या पोरीची?"

"उचललेली आहे."

कडुनिंबाचं एक पान त्यांच्या मांडीवर पडलं, ते त्यांनी बोटांनी शोधून अलगद बाजूला ठेवलं. "बरं," ते म्हणाले. गुरुजींनी नेहमीप्रमाणे देवाला कौल लावायला सांगितलं, सगळे हसले, आणि सरांनी प्राजक्ताचं नाव उच्चारलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देत ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साकु." मला त्या हाताचं वजन अजून कळतं. त्यांना माझं खोटं कळलं होतं की नव्हतं, याचा मी हजारदा विचार केला आहे. कळलं नसेल तर मी एका आंधळ्या माणसाला फसवलं, आणि कळलं असेल तर त्यांनी मला पाठीशी घातलं. दोन्हींपैकी काय अधिक लाजिरवाणं, ते मला ठरवता येत नाही.

प्राजक्ताचं भलं झालं. राज्य स्पर्धेला गेली, ते प्रमाणपत्र पुढे तिच्या कामी आलं, आता अकलूजला शाळेत खेळ शिकवते आणि दर दिवाळीला येऊन माझ्या पाया पडते. मी तिला उठवते, फराळाची ताटली पुढे करते आणि तिच्या डोळ्यांत पाहायचं टाळते. सर त्यानंतर दोन उन्हाळे होते. मी त्यांना भेटायला जायचे, पेपर वाचून दाखवायचे, टीव्हीवर खो-खोचे सामने लागले की कोण पळतंय ते सांगायचे. एकदाही त्या चाचणीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मला तो काढायचं धाडस झालं नाही. उद्या सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणता म्हणता एका दुपारी ते झोपेतच गेले.

यंदा शाळेच्या बक्षीस समारंभासाठी टॉवेल घ्यायला मी पूर्व भागात गेले होते. मागांचा खडखडाट, सुताला दिलेल्या कांजीचा आंबूस वास, आणि पत्र्याच्या झरोक्यातून उतरलेल्या उन्हाच्या तिरक्या पट्टीत चारपाच बायका टॉवेलांच्या घड्या घालत बसलेल्या. त्यातली एक उठून मला नमुने दाखवायला आली. चेहरा पाहून मी नाव विचारलं, आणि तिने सांगितलं ते तेच होतं. मी कोण हे तिला आठवत नव्हतं. निवड चाचणीचं नाव काढल्यावर ती ओशाळून हसली.

"गेलते की मॅडम एकदा. पण खोच आला न्हाई मला. मग म्हटलं, आपल्याला येतच नसंल खेळाया. परत गेलेच न्हाई."

इतकी वर्षं ज्याच्यापुढे हे बोलायचं होतं तो माणूस उरला नव्हता, म्हणून मी ते तिच्यापुढे बोलले. सर काय पाहायचे, त्यांनी मला काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं. तिची टाच शेवटपर्यंत टेकली नव्हती, हेही सांगितलं. मागांच्या आवाजात मला दोन वाक्यं परत म्हणावी लागली. ती चिडेल, रडेल, निदान मला काही बोलेल असं वाटत होतं, आणि खरं म्हणजे तिने बोलावं अशी माझी फार इच्छा होती. ती हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली.

"म्हंजे," ती म्हणाली, "येत होतं मला?"

"हो," मी म्हणाले. "येत होतं."

तिने मान हलवली. मग आतून कुणीतरी तेलुगूत हाक मारली, आणि ती "आले" म्हणून पुन्हा घड्यांपाशी जाऊन बसली.

गेलेल्या माणसांचे चेहरे काळ हळूहळू पुसत नेतो म्हणतात, आणि ते खरं असावं, कारण सरांचा आवाजसुद्धा आता मला पूर्वीइतका स्पष्ट ऐकू येत नाही. पण जिचं नाव मी घेतलं नाही, ती मात्र दर वर्षी थोडी अधिक स्पष्ट दिसते.