आरेंडसेचा पिवळा ठिपका

"शॉकअप कुठले घालायचे?" लायनेल आरेंडसेने विचारले.

"गाडीत आहेत तेच."

"मग जमणार नाही. उचल हे."

डेन्व्हरने काही उचलले नाही. चार तांबड्याभडक स्प्रिंगा त्याने लायनेलच्या टेबलावर, ओळीने लावून ठेवलेल्या पान्यांच्या डोक्यावर आपटल्या होत्या आणि आता तो खिशात हात घालून अंगणभर हिंडत होता. घर विकत घ्यायला आलेला माणूस भिंती बघतो तसा. बायकोचा भाऊ म्हणून लायनेल या माणसाला दर रविवारी आपल्या टेबलावर जेवू घालत होता. नऊ वर्षे. त्यातला एकही घास त्याने प्रेमाने वाढलेला नव्हता.

"दाजी, मी विचारायला नाही आलो, सांगायला आलोय," डेन्व्हर म्हणाला. "शुक्रवारी आमच्या टॅमरिनच्या मॅट्रिकचा निरोप समारंभ. पोरगी गाडीतून उतरणार तेव्हा अख्खी शाळा रस्त्यावर असणार. गाडी अशी टाचा उंचावून उभी राहिली तर माझं नाक कापलं जाईल."

"एवढं लांब नाक ठेवूच नये माणसाने."

"तुमचं तर कधीच कापलं गेलंय. तुम्हाला काय काळजी?"

लायनेलने पाना खाली ठेवला. राग आला की तो हातातले अवजार आधी खाली ठेवत असे. "हे बघ. या स्प्रिंगा गाडी चार बोटं खाली बसवणार. शॉकअप मात्र जुन्या उंचीचे. त्यांचा दांडा सदानकदा अर्धा आत बुडालेला राहील. जरा खड्डा आला की बुडाशी आपटेल. दोन महिन्यांत तेल गळेल आणि मग वळणावर गाडी उड्या मारेल. आखूड शॉकअप आण, दुपारपर्यंत बसवून देतो."

"गेलव्हनडेलमध्ये पन्नास जण असेच फिरतात."

"मग ज्यांनी त्यांना बसवून दिलं त्यांच्याकडे जा."

"त्यांच्याकडे ठिपका नाही ना." डेन्व्हर हसला. "मला तुमचा ठिपका पाहिजे."

आता हा ठिपका काय, ते सांगायला हवे. पी.ई.मध्ये, म्हणजे पोर्ट एलिझाबेथ शहरात, शॉकअप बनवणाऱ्या एका कारखान्यात लायनेलने तेवीस वर्षे काढली होती. तिथे नट आवळून झाला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, नटावरून खालच्या पत्र्यावर उतरेल असा. नट सैल झाला की ठिपका मोडतो, कळते. प्रत्येक कामगाराचा रंग वेगळा. लायनेलचा पिवळा. नऊ वर्षांपूर्वी एकशेचाळीस शॉकअप तेल गळतात म्हणून परत आले, आणि सगळ्यांवर पिवळा ठिपका होता. लायनेल घसा फोडून सांगत होता की हे तेलाचे सील तिरके बसलेत, हे माझ्या हातचे नाहीत, कोणीतरी माझा रंग वापरला. चौकशीला बसलेल्या साहेबांनी मुकादमाला विचारले. मुकादम होता डेन्व्हर. तो म्हणाला, "ठिपका पिवळा आहे. पिवळा आरेंडसेचा." एवढेच म्हणाला. खोटे एक अक्षर नाही. लायनेल घरी बसला.

मग त्याने मागच्या अंगणात काम सुरू केले आणि हट्टाने तोच पिवळा रंग आणला. लोक आधी हसले, नंतर हसायचे थांबले. आता त्या भागात जुनी गाडी घेणारा माणूस आधी रस्त्यावर आडवा होऊन चाकामागे बघायचा. पिवळा ठिपका दिसला की कपडे झाडत उठायचा आणि सौदा करायचा. लायनेलजवळ जमीन नव्हती, मूलबाळ नव्हते. होता तो हा ठिपका.

"ठिपका नाही मिळणार," तो म्हणाला. "आणि स्प्रिंगाही नाही."

पण घरात एव्हरिल होती, त्याची बायको. डेन्व्हर तिच्याकडे जाऊन आला असणार, कारण जेवताना तिने लायनेलच्या ताटात भात वाढला आणि वाटी तशीच धरून उभी राहिली.

"भांडण तुझं माझ्या भावाशी आहे. पोरीने तुझं काय घोडं मारलंय?"

"पोरीचा काय संबंध?"

"तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर घेऊन तू उभा होतास. काल आली होती. हिरव्या कपड्याचा तुकडा दाखवायला. म्हणाली, आंटी, अंकल करतील ना? मी काय सांगू तिला? की अंकल अजून नऊ वर्षांपूर्वीचं उगाळत बसलेत?"

लायनेल भात चिवडत राहिला. टॅमरिनवर त्याचा जीव होता, हे खरे. "करतो," तो शेवटी म्हणाला. "पण ठिपका नाही. आणि शनिवारी सकाळी गाडी परत आणायची, जुन्या स्प्रिंगा पुन्हा घालणार."

डेन्व्हर दोन्ही गोष्टींना लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की लायनेलने तिथेच सावध व्हायला हवे होते. हा माणूस कशालाही फुकट हो म्हणणाऱ्यातला नव्हता.

गुरुवारी त्याने काम केले. मनात नसताना, पण हाताला अर्धवट काम येत नव्हते. चारी शॉकअप काढले, जुन्या स्प्रिंगा दाबून सोडवल्या, दांड्यावरचा रबराचा ठोकळा धारदार सुरीने अर्धा कापला, म्हणजे निदान थोडी जागा राहील. सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट त्याने गाडी जॅकवर असताना आवळले नाहीत. चाके जमिनीला टेकवली, गाडी हलवून बसू दिली, आणि मग पोटावर सरपटत जाऊन आवळले. डेन्व्हर खुर्ची टाकून सिगारेट ओढत होता.

"दाजी, बाळंतपण करताय का गाडीचं?"

लायनेल पुढच्या चाकाखाली सरकला.

"कारखान्यात एवढी काळजी घेतली असती तर आज पेन्शन खात असता."

लायनेलने शेवटचा बोल्ट आवळला. नट पुसून कोरडे ठेवले, रंगाचा डबा फळीवरच राहू दिला. "शनिवारी सकाळी आठ," एवढे म्हणून त्याने किल्ली डेन्व्हरच्या मांडीवर टाकली.

शुक्रवारी चार वाजता सगळी गल्ली डेन्व्हरच्या दारात जमली. खुर्च्या बाहेर आल्या, फाटकापासून गाडीपर्यंत लाल सतरंजी अंथरली गेली. वारा ती उचलत होता म्हणून तिच्या कडांवर विटा ठेवल्या होत्या. पांढरी सिटी गोल्फ गाडी धुऊनपुसून उभी होती आणि खोटे कशाला बोला, दिसत होती झकास. जमिनीला अशी बिलगून बसली होती की बायकासुद्धा वळून बघत होत्या. लायनेल इस्त्रीची पँट घालून एव्हरिलशेजारी उभा राहिला. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यालाही बरे वाटले, नाही असे नाही.

तेवढ्यात ज्युलियन नावाचा एक तरुण माणूस गाडीमागे आडवा झाला. बेकरीची गाडी चालवणारा. त्याची बायको कडेवर मूल घेऊन उभी होती, दुसरे तिच्या झग्याला लोंबकळत होते. ज्युलियन उठला, गुडघे झाडले आणि बायकोला म्हणाला, "आहे. चारी चाकांना आहे. आरेंडसेचं काम आहे. घेऊन टाकू." मग लायनेलकडे बघून हसला. "अंकल, रोज उइटेनहेगला जायचंय या तिघांना घेऊन. तुमचा ठिपका बघितला, आता घोर नाही."

डेन्व्हरने गाडी विकायला काढली आहे, हे लायनेलला तेव्हा कळले. तो गाडीपाशी गेला आणि वाकला. आतल्या नटावर पिवळा ठिपका होता. रंग अजून ओला होता, आणि घाईत दिलेला, ओघळ आलेला. लायनेलच्या ठिपक्याला जन्मात ओघळ आला नव्हता.

"हा माझा नाही," तो उभा राहून म्हणाला.

दारात टॅमरिन आली होती, हिरव्या झग्यात, आणि सगळे तिच्याऐवजी लायनेलकडे बघत होते.

"ज्युलियन, ही गाडी घेऊ नकोस. शॉकअप जुने आहेत, या स्प्रिंगांना चालणारे नाहीत. उइटेनहेगच्या रस्त्याला पोरं घेऊन याच्यात बसू नकोस. आणि तो ठिपका मी दिलेला नाही."

डेन्व्हर मोठ्याने हसला. "ऐका. काल दिवसभर माझ्या गाडीखाली हाच माणूस लोळत होता. अख्ख्या गल्लीने बघितलंय. आणि आज म्हणतो ठिपका माझा नाही. कारखान्यातही हेच म्हणाला होता, आठवतं का लोकहो?"

लोकांना आठवत होते. दोघेतिघे हसले. एव्हरिल पुटपुटली, "लायनेल, आज नको. पोर उभी आहे."

लायनेलने खिशातून रुमाल काढला आणि इस्त्रीच्या पँटनिशी रस्त्यावर आडवा झाला. पहिला ठिपका पुसला. मग दुसऱ्या चाकाकडे सरकला. डेन्व्हर त्याच्या डोक्यापाशी उकिडवा बसला. बाहेरच्यांना वाटावे की समजूत काढतोय. आवाज इतका खाली की दुसऱ्या कोणाच्या कानावर जाऊ नये.

"ऊठ. तमाशा पुरे. एका ठिपक्यावरून केवढं करतोस? तेव्हा तरी काय झालं होतं? दुसऱ्या पाळीचा रंग वाळला होता, दिला तुझा डबा काढून. कोणी मेलं का?"

लायनेलचा हात नटावर थांबला. नऊ वर्षे तो रोज एकेक चेहरा आठवून बघत होता, हा असेल की तो असेल. डबा देणारा दर रविवारी त्याच्याच टेबलावर आणखी भात मागत होता. पाना हातात नव्हता, ते एक बरे झाले.

"चौकशीत का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मी गेलो असतो. मला पोरगी होती. तुला कोण होतं?"

लायनेलने उरलेले दोन ठिपकेही पुसले. चारी नट कोरडे झाल्यावरच तो उठला. पँटच्या गुडघ्यावर ग्रीस होते, कोपर सोलवटले होते. टॅमरिनसाठी त्याने गाडीचे दार उघडून धरले. ती आत बसली, पण तिने त्याच्याकडे बघितले नाही.

"स्पीड ब्रेकरवर हळू घ्यायला सांग बापाला," तो म्हणाला.

"तुम्ही एक दिवस गप्प बसू शकला नाहीत, अंकल," ती म्हणाली, आणि गाडी गेली.

घरी येऊन त्याने एव्हरिलला सगळे सांगितले. शब्दाला शब्द. ती बुटांचे बंद सोडत होती. तिने मान वर केली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"आई गेली त्या वर्षी त्याने सांगितलं मला. रडत होता."

"पाच वर्षं झाली त्याला, एव्हरिल."

"तुझी नोकरी गेलीच होती. सांगून परत आली असती का? भाऊ मात्र गेला असता." तिने बूट नीट जोडून ठेवले. "तुझ्याजवळ तुझा ठिपका होता. मला वाटलं, बास आहे तेवढं."

लायनेल मागच्या अंगणात गेला आणि टेबलावरची अवजारे पुन्हा ओळीने लावत बसला. शनिवारी आठ वाजता गाडी आली नाही. येणार नाही हे त्याला माहीत होते, तरी तो नऊपर्यंत फाटकाशी उभा राहिला. रविवारी एव्हरिलने रश्श्याचे पातेले कापडात बांधले आणि ते घेऊन ती भावाकडे जेवायला गेली. जाताना त्याच्यासाठी एक ताट झाकून ठेवले होते. त्याने ते उघडले नाही.

सोमवारी ग्वेनआंटी आल्या. फळांचा टेम्पो चालवणाऱ्या, वीस वर्षांचे गिऱ्हाईक. त्यांच्या पुढच्या चाकाचा शॉकअप बदलायचा होता. नेहमी त्या किल्ली टाकायच्या आणि बाजारात जायच्या. आज किल्ली हातातच राहिली.

"राग मानू नको, लायनेल," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी तूच म्हणालास ना, तुझा ठिपका दुसराही कोणी देतो. मग आता आम्ही ओळखायचं कसं? गल्लीत सगळे तेच बोलतायत. ज्युलियनने तर दुसरीकडची गाडी बघितली, ठिपक्याबिपक्याची भानगडच नको म्हणाला."

"त्याने ही घेतली नाही ना?"

"नाही घेतली."

"बरं झालं," लायनेल म्हणाला.

त्याने कोपऱ्यातला फळांचा रिकामा खोका ओढून आणला, फुंकर मारून धूळ उडवली आणि टेम्पोच्या चाकाजवळ ठेवला.

"बसा, आंटी. इथून नट दिसतो. मी आवळताना बघत राहा."

ग्वेनआंटी जरा ओशाळल्या, पण बसल्या. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पहिल्या दिवशीच्या शिकाऊ उमेदवारासारखा, लायनेल जमिनीवर आडवा झाला आणि पाना नटाला लावून म्हणाला, "हा पहिला."