मतापुरती बस

हे लिहायचं मी जवळजवळ टाळलंच होतं. एक तर माझा दोस्त पात्रिक म्हणाला, "गप राहा सेवेक, माझी नोकरी आधीच टांगणीला लागलीय." आणि दुसरं म्हणजे मी काही लेखक नाही. फर्निचरच्या कारखान्यात कपाटांना बिजागऱ्या लावतो. हे सगळं फोनवर टाइप करतोय, कारखान्याच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसून. खड्डा आला की बोट चुकतं. मग खोडतो, परत लिहितो. कुठं तुटक वाटलं तर समजून घ्या.

शिवाय मी जाणार होतो. नाताळानंतर नॉर्वे, मासळीच्या कारखान्यात. बॅग बाहेर काढून ठेवली होती. जाणाऱ्या माणसाने मागच्यांबद्दल कशाला लिहायचं, असंही वाटलं.

पण मनातून जात नाही.

आमचं लिपोवो म्हणजे शेतांच्या मधोमध उभ्या केलेल्या चार इमारती. सरकारी शेत होतं तेव्हा इथं डेअरी होती, बालवाडी होती, शनिवारी सिनेमा दाखवायचे आणि बस यायची. माझ्या जन्माआधी एका हिवाळ्यात शेत बंद झालं. गायी विकल्या, माणसं उरली. बस त्यानंतरही बरीच वर्षं यायची. मग परवडत नाही म्हणून तीही बंद केली.

एकदा टीव्हीवर वॉर्साचे एक साहेब समजावत होते. पैसा आधी मोठ्या शहरांत घालायचा, तिथं तो वाढतो, आणि मग हळूहळू आजूबाजूच्या मुलखात पाझरतो.

"आला की पाझरत," आमचा शेजारी मिरेक म्हणाला. "आपल्याला थांबा मिळाला."

थांबा खरंच मिळालाय. काचेच्या भिंती, लाकडी बाक, सौर दिवा, फोन चार्ज करायला सॉकेट, आणि पैसे कुणी दिले ते सांगणारी निळी पाटी. सरपंच स्वतः फीत कापायला आले होते. त्या थांब्यावर बस येत नाही. वेळापत्रकाच्या चौकटीत कुणीतरी हरवलेल्या मांजराचा फोटो लावलाय.

आता आमच्याकडची रीत सांगतो. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने गाडीवाल्याला थेट विचारायचं नसतं. नुसतं सुचवायचं. "मिरेक, त्या बाजूला जाणं होणार असेल तर..." असं म्हणून वाक्य अर्धं सोडायचं. मिरेक म्हणतो, "बघू." मग संध्याकाळी त्याच्या दारात एक बरणी ठेवायची, काकडीचं लोणचं नाहीतर आलुबुखारचा मुरांबा. बरणीचा विषय दोघांनीही काढायचा नाही. दवाखाना, चष्मा, दाढ, बँक, सगळं असंच चालतं. वीस-पंचवीस वर्षांत आम्हाला त्यात काही वावगंच वाटेनासं झालं. मलाही नाही. शेजारधर्म म्हणायचो आम्ही त्याला.

पोलाआजी आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. बटाटे काढायच्या दिवसांत तिच्या नवऱ्याला, झेनोनआजोबांना, अर्धांगाचा झटका आला. अँब्युलन्स आली, जिल्ह्याच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. आजीला सोबत घेतलं नाही. अँब्युलन्स नेते, आणून सोडत नाही.

पहिल्यांदा मिरेकने नेलं. दुसऱ्यांदाही नेलं. मग त्याच्या गाडीचा सायलेन्सर गेला, मग पाहुणे आले, मग पाठ धरली. आमच्या कारखान्याची व्हॅन नेमकी उलट्या दिशेला जाते आणि कामगार सोडून कुणाला घेत नाही. आजीच्या तळघरातल्या बरण्या संपत आल्या. मिरेकच्या तळघरात तिच्या हातच्या बरण्या तिच्याकडच्यापेक्षा जास्त झाल्या.

"फोन करायचा ना आजी," मी एकदा म्हटलं.

"करते की. नर्स त्याच्या कानाला लावते. मी बोलते. मांजर बरंय, सरपण आलंय, सगळं सांगते. वाचा गेलीय त्याची, तिकडून नुसता श्वास ऐकू येतो." ती काकड्या पुसत होती. "आता तो श्वास त्याचाच आहे की शेजारच्या खाटेवरच्याचा, मला काय कळणार?"

बिजागऱ्यांचं काम बरं असतं, तिथं कुणी असलं काही विचारत नाही.

मग निवडणूक आली. निवडणुकीच्या दिवशी आमच्या थांब्यावर बस येते. मतदानाला न्यायचं, मतदान झालं की परत आणायचं, फुकट. त्यात यंदा जाहीर झालेलं की आसपासच्या गावांच्या ज्या गटात सगळ्यात जास्त टक्के मतदान होईल त्याला नवा आगीचा बंब मिळणार. आमच्या सरपंचांनी तो बंब जणू दारात उभा असल्यासारखी तयारी केली होती.

रविवारी सकाळी बस आली. शाळेचीच, पिवळी. चालवायला पात्रिक. आम्ही एकाच बाकावर शिकलो, एकाच बाकावर नापास झालो. पुढच्या सीटवर बेरनादेता, सरपंचांच्या ऑफिसातली, कोटावर राष्ट्राच्या रंगांची फीत. तीही मूळची लिपोवोचीच, तिसऱ्या इमारतीतली. पण ते कुणी काढलेलं तिला आवडत नाही.

सगळे नटून आलेले. मिरेकही बसमध्ये.

"तुझी गाडी?" पात्रिकने विचारलं.

"फुकट बस सोडून पेट्रोल जाळू? मूर्ख समजलास का?"

पोलाआजी सगळ्यात शेवटी चढली. हातात पिशवी. पिशवीत इस्त्री केलेला पायजमा, सपाता आणि एक बरणी. मला दिसलं. पण माझ्या काही लक्षात आलं नाही.

शाळेपाशी बस थांबली. मतदान तिथंच. सगळे उतरू लागले. आजी बसूनच.

"आजी, उतरा," बेरनादेता म्हणाली.

"आधी झेनोनकडे. मग मत."

"म्हणजे?"

"इथून हाच रस्ता सरळ पुढं हॉस्पिटलला जातो ना? मग चला. त्याला बघते, येते, आणि मत देते. संध्याकाळपर्यंत चालू आहे ना तुमचं?"

"आजी, ही बस मतदानाची आहे."

"मी कुठं नाही म्हणते? देणार आहे की."

"नियमात नाही बसत. इथून परत लिपोवो, तिथून झुरावकी. तिथली माणसं वाट बघत असतील."

"बेरनादेता, पोरी, तुझ्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनला कुणी नेलं होतं?"

बेरनादेताचे कान लाल झाले. "मिरेककाकांनी."

"आणि तिने त्याला काय दिलं होतं?"

मिरेक खिडकीतून बाहेर बघायला लागला. आमच्याकडे ही गोष्ट अशी मोठ्याने कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. चर्चमध्ये शिवी दिल्यासारखं झालं.

दुसऱ्या इमारतीतली एक बाई पायरीवरून परत आत आली. "पोला, माझं सूप गॅसवर आहे गं."

"मग तू मत दे आणि चालत जा. तुझे पाय चांगले आहेत."

"अकरा किलोमीटर?"

"तेच सांगतेय मी."

ती बाई क्षणभर उभी राहिली. मग आजीच्या शेजारी बसली आणि मुलीला फोन करून गॅस बंद करायला सांगितला. मागून आणखी चार-पाच जण आत आले. दोघे तिघे मात्र शिव्या देत मतदानाला गेले. आपल्याला परत कोण नेणार म्हणून चिडले होते, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं.

बेरनादेताने सरपंचांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आजी," सरपंचांचा आवाज एकदम गोड, "निवडणूक होऊन जाऊ दे, मी स्वतः बघतो तुमच्या बसचं."

"निवडणूक झाल्यावर बस जाते, साहेब. येत नाही."

"अहो पण आज सगळ्या गटाचा प्रश्न आहे. बंब मिळाला तर उद्या आग लागली तर तुमच्याच कामाला येईल."

"आग लागली तर बंब येईल. आणि नाही लागली तर? नुसतंच जगायचं असेल तर काय येईल?"

सरपंच काहीतरी बोलत राहिले. पात्रिकने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. कुंपणावरून उडी मारायच्या आधी तो असाच बघायचा.

"मॅडम," तो बेरनादेताला म्हणाला, "तुम्ही इथं उतरणार की येताय?"

ती उतरली नाही. का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तिने फोन बंद केला आणि पट्टा लावला.

बाहेर बीटचे ढीग, ओली शेतं, मग जंगल. आजीने पिशवी मांडीवर धरली होती. मध्येच तिने केसांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "बरी दिसते ना रे?"

"नवरी दिसताय."

"गप." पण हसली.

हॉस्पिटलात मी तिच्याबरोबर आत गेलो. काउंटरवरच्या बाईने नाव शोधलं, मग परत शोधलं.

"ते इथं नाहीत."

आजीचा हात माझ्या दंडावर होता. तो घट्ट झाला.

"अहो, तसं नाही," बाई घाईने म्हणाली. "आमचा तो वॉर्ड बंद केला. शुक्रवारी सगळे पेशंट ओल्श्टिन शहराच्या पलीकडे हलवले. घरी कळवलंय."

"कुणाच्या घरी?"

"मुलाचा नंबर आहे इथं."

आजीचा मुलगा नॉर्वेत, बोटीवर. समुद्रात गेला की आठवडा आठवडा फोन लागत नाही.

"कितीसं लांब आहे ते?" आजीने विचारलं.

"गाडीने दोन तास धरा."

आजी काउंटरला टेकली आणि हसली. मला ते हसू आवडलं नाही. "दर वेळी थोडा लांब नेतात. पुढच्या खेपेला सरळ नॉर्वेलाच न्या बाई. तिथं मुलगा तरी आहे."

बाहेर आलो. पात्रिक बसला टेकून उभा होता. त्याला सांगितलं. त्याने सिगारेट पायाखाली चिरडली.

"बसा आजी. जाऊ."

"पात्रिक," बेरनादेता म्हणाली. एवढंच म्हणाली.

"व्हायचं ते झालंच आहे. दोन तास आणखी."

मिरेक खाली बघत होता. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, चला जाऊ. आजी पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिली. मला वाटलं ती हो म्हणेल. मी असतो तर म्हटलं असतं.

"नको," ती म्हणाली. "झुरावकीची माणसं थांब्यावर उभी असतील. गार वारा सुटलाय. बस येईल, येईल करत उभं राहणं काय असतं ते मला माहितेय. फिरव गाडी."

परत येऊन तिने मत दिलं. कुणाला दिलं ते सांगितलं नाही. आम्ही झुरावकीला पोचलो तोवर बरेच जण वाट बघून घरी गेले होते. बंब शेजारच्या गटाला गेला, थोडक्यात. झुरावकीचे लोक अजून आम्हाला टोमणे मारतात. आग लागली तर लिपोवोच्या म्हातारीला बोलवा, म्हणतात.

पात्रिकला बसवरून काढलं. सध्या शाळेचं अंगण झाडतोय, पुढचा निर्णय महिनाभरात. बेरनादेताने ऑफिसात काय सांगितलं ते ती बोलत नाही, पण तिथली तिची खुर्ची आता दुसऱ्या कुणाची आहे.

चार दिवसांनी मिरेक आजीच्या दारात आला आणि नुसता म्हणाला, "चला." नेलं तिला, पार ओल्श्टिनच्या पलीकडे. झेनोनआजोबांनी तिचं बोट धरलं ते सोडेनात, आणि मिरेक खाली हॉर्न वाजवत राहिला. परत आल्यावर आजीने त्याच्या दारात बरणी ठेवली. त्याने घेतली. मी विचारलं, लाज नाही वाटत? तर म्हणाला, "वाटते ना. पण नाही घेतली तर पुढच्या वेळी ती सुचवणारही नाही." ही रीत वाईट आहे हे त्यालाही कळतं, तिलाही कळतं, आणि बस नाही तोवर दोघांनाही ती सोडता येत नाही.

आता रोज सकाळी आजी थांब्यावर जाऊन बसते. काच पुसते, बसते. कुणी विचारलं तर म्हणते, "थांबा आहे ना? मग बसची वाट बघतेय." पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी सूपवाली बाई विणकाम घेऊन आली. आता आठ-नऊ जण असतात. परवा सरपंचांची गाडी तिथून गेली. हळू झाली, थांबली नाही.

काल व्हॅनमधून उतरलो तर बाकावर पात्रिक एकटा. सॉकेटला फोन लावून बसला होता. मी हे लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं.

"माझं नाव बदल."

"बदललं तरी ओळखतील. पिवळी बस एकच आहे."

"मग राहू दे." त्याने सॉकेटमधून फोन काढला. "तुला काय. नाताळानंतर तू नॉर्वेत. मासे साफ करत बसशील आणि तिथून आम्हाला अक्कल शिकवशील. सगळे हेच करतात. जातात आणि तिकडून हळहळतात."

माझी बॅग अजून बाहेरच होती. मिरेक मला ओल्श्टिनच्या स्टेशनवर सोडणार होता. त्यासाठी आईने बरणीही काढून ठेवली होती, आणि हे मला तेव्हा आठवलं.

मी मांजराचा फोटो वेळापत्रकाच्या चौकटीतून काढला, घडी घालून खिशात ठेवला. चौकट रिकामी झाली.

"पात्रिक, ऐक. मी जाणारच आहे. पण मिरेकच्या गाडीतून नाही जाणार. एखाद्या साध्या मंगळवारी, निवडणूक नसताना, या थांब्यावर बस येईल, तिच्यात बसून जाईन. तोवर इथंच आहे, सकाळी व्हॅन येईपर्यंत आजीशेजारी. शब्द देतो."

"म्हातारा होशील इथं," तो म्हणाला आणि बाकावर माझ्यासाठी सरकला.