उपासाला चालणारी समाधी

ट्रॉयमधल्या राजीवच्या बेसमेंटमध्ये त्या महाशिवरात्रीच्या दुपारी ब्रह्मानंद नुसता ओसंडत होता. बाहेर पिंजलेल्या कापसासारखा बर्फ भुरभुरत होता, आत माणसं गालिच्यावर लवंडत होती. मयूरनाथ महाराजांनी कपाळाला मोरपीस टेकवलं, की पुण्याचा प्रोग्रामर गदगदून हसे, नागपूरची डेंटिस्ट घळाघळा रडे. महाराजांच्या ओठी त्यांचीच ओवी:

"एक पीस कपाळी, तुटे जन्माची साखळी,
सोड बुद्धीची काठी, नाथ उभा तुझ्या पाठी."

दिगंबरने ती काठी केव्हाच सोडली होती. एरवी हा गडी मोटार कंपनीत ब्रेक तपासणारा इंजिनिअर. ब्रेक जरा चिरकला की पुरवठादाराला उभा-आडवा उलटतपासणारा. आणि आता? भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला हात जोडून बसला होता. त्यातला हिरवा दिवा त्याला साक्षात तिसरा डोळा वाटत होता.

"सुमे, मला सगळं कळलं गं," तो बायकोला म्हणाला.

"काय कळलं?" सुमेधाने विचारलं.

"तेच तर विसरलो."

नऊ वर्षांची इशिता बापाकडे टकामका बघत होती. "बाबा, यू आर बीइंग सो वीयर्ड."

"चला घरी! आज गाडी मी नाही, नाथ चालवणार," म्हणत दिगंबर किल्ल्या चाचपू लागला. सुमेधाने त्याचा हात धरला. तिच्याकडे अजून लायसन्स नव्हतं. रस्ता निसरडा, आणि मागच्या सीटवर लेक बसायची होती.

"काकू, जरा यांना बघता का?" तिने हाक मारली.

शोभनाकाकू भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या. माणूस शुद्धीवर आहे की नाही हे ओळखण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी दिगंबरची नाडी धरली, लाल डोळे पाहिले.

"तोंड कोरडं पडलंय?"

"अमृत आटलंय, काकू."

"भूक?"

"वैश्विक!" दिगंबर बटाट्याच्या चिवड्याचा डबाच मांडीवर घेऊन बसला होता.

काकू वळल्या. "समाधी कुणाला लागली नाही?"

सुमेधाने हात वर केला. उशिरा पोचलेल्या प्रताप आणि दीपानेही केला.

"श्रद्धा उणी!" महाराज गरजले.

"की तुम्ही आणलेला प्रसादाचा लाडू उणा? सुमेधाला आणि मला डायबेटिस, आम्ही खाल्ला नाही. हे दोघं आले तोवर प्रसाद संपला होता. बाकी सगळ्यांनी उपाशीपोटी आल्या आल्या लाडू खाल्ला, मग तुम्ही तासदीड तास भजन लांबवलंत, आणि मग मोरपीस काढलंत."

"माझा लाडू यांनीच खाल्ला," सुमेधा पुटपुटली. "प्रसाद टाकायचा नाही ना!"

"म्हणून मला डबल दर्शन," दिगंबर अभिमानाने म्हणाला.

इतक्यात इशिताने पेपर नॅपकिनची पुरचुंडी पुढे केली. "माझा आहे. मला नट्सची ॲलर्जी आहे ना, म्हणून मी विचारलं, व्हॉट्स इन इट? नोबडी टोल्ड मी. सो आय डिडन्ट ईट."

काकूंनी तो लाडू महाराजांपुढे धरला. "घ्या, आपण प्रसाद घ्या."

"आमचा कडक उपास."

"राजगिऱ्याचा लाडू उपासाला चालतो, महाराज."

"नको म्हटलं ना!"

"एवढासा तर आहे."

"अहो बाई, मला आत्ता शिकागोपर्यंत ड्राइव्ह करायचंय!"

काकूंनी लाडू पुन्हा पुरचुंडीत गुंडाळला.

"म्हणजे भांग," काकू म्हणाल्या.

"विजया! शिवाची आवडती. हर्बल आहे, एकदम नॅचरल..."

"धोतराही नॅचरलच असतो. भांग तुपात मुरवलीत. पोटातून ती उशिरा चढते, म्हणूनच माणूस 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा लाडू उचलतो. मोठ्या माणसाने कळून-सवरून, कायद्यात बसेल तिथे, बेताने घेतली तर तो जाणे. तुम्ही न सांगता चारलीत, तीही या देशात, जिथे केंद्राच्या कायद्याने ती जवळ बाळगणंही गुन्हा आहे. व्हिसावरची पोरं आहेत ही! पोलिसांना मीच फोन करते." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "लाडू खाल्लेल्यांनी आज स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कुणाची छाती फार धडधडली, कुणाची शुद्ध हरपली, तर ९११. आणि काय खाल्लंय ते खरं सांगायचं."

दिगंबरची समाधी पूर्ण उतरायला संध्याकाळ झाली, पण त्याचा तोरा तेव्हाच उतरला. गाडी चालवायची म्हणून तो लबाड माणूस एका लाडवालाही शिवत नव्हता, आणि हा शहाणा दोन लाडू पोटात घेऊन लेकीला बर्फातून नेणार होता. त्याने गुपचूप किल्ल्या सुमेधाच्या ओंजळीत ठेवल्या. प्रतापने तिघांना घरी सोडलं.

तर बाबांनो, ब्रह्म असेल किंवा नसेल, तो वाद सावकाश घालू. पण जो चमत्कार पोटातून होतो, त्याची पाककृती आधी मागा. मागायची लाज वाटली, तर एखाद्या नऊ वर्षांच्या पोरीला पुढे करा.